अकरा दांड्या आणि एक घोस

१७ फेब्रुवारी

पाणी: नाही. ऊन: सव्वानऊ ते अकरा. नवीन पान: नाही. गुन्हा: कबूल.

ही वही बाबांच्या हुकमावरून सुरू केलीय. बाबा म्हणजे बायकोचे बाबा, माझे सासरे. गेली चार वर्षं आमच्याकडे राहत होते. काल सकाळी बॅग घेऊन मेहुण्याकडे निघून गेले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "होयाची नोंद ठेवा. पाणी, ऊन, नवीन पान. बाकी काही लिहू नका."

म्हणून बाकीचंच लिहितोय.

होया म्हणजे बाल्कनीतली वेल. जाड पानं, मेण चोपडल्यासारखी. दर उन्हाळ्यात तिला गुलाबी चांदण्यांचे घोस येतात, उलटे लटकलेले. बाबांनी नऊ वर्षं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलंय. (पोटची पोर म्हणते, माझ्यापेक्षा जास्त.) परवा पाहुणे येणार म्हणून मी बाल्कनी आवरायला घेतली. वेलीवर जागोजागी बोटभर लांबीच्या वाळक्या, गाठीगाठीच्या दांड्या. पान नाही, फूल नाही, नुसत्या आपल्या. माझा धंदा असा की जास्तीचं काही दिसलं की हात शिवशिवतो. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो मी, दिवसभर घासायचं आणि कापायचं. कच कच कच. वेल कशी छान सुटसुटीत झाली. स्वतःवरच खूश झालो.

बाबा फिरून आले. बाल्कनीत गेले. मिनिटभराने आतून आवाज आला, "अकरा."

"काय अकरा, बाबा?"

"दांड्या. होया दर वर्षी त्याच जुन्या दांड्यांवर फुलते. एकेक दांडी तयार व्हायला वेळ लागतो. तुम्ही कचरा नाही काढलात जावईबापू, पुढची फुलं काढलीत."

"वाळक्या दिसत होत्या हो."

"मीही वाळकाच दिसतो," बाबा म्हणाले.

जेवले नाहीत. सकाळी बॅग भरलेली. बायकोने विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाले, "फुलली की कळवा. येईन."

१८ फेब्रुवारी

घरात मस्त शांतता. रिमोट माझा. आरामखुर्ची माझी. बसून पाहिलं. पाठीला टोचते.

२३ फेब्रुवारी

पाणी: थोडं. नवीन पान: नाही.

बाबांचा फोन रोज सातला येतो. माझी चौकशी नाही, मुलीची नाही. थेट, "कशी आहे?" आधी मला वाटलं मुलीबद्दल विचारतात. म्हटलं, "बरी आहे, जरा सर्दी झालीय." तर घाबरून म्हणाले, "पानं गळताहेत का?"

बायको बाजूलाच होती. ओढून घेतला फोन. "बाबा, मला सर्दी झालीय. मला. तुमच्या मुलीला."

"बरं मग वाफ घे," म्हणाले, "आणि त्यांना सांग, कुंडी ठोकून बघा. पोकळ वाजली तरच पाणी."

२ मार्च

आज मी बाजारातून मोठी कुंडी आणली. म्हटलं, जरा ऐसपैस होऊ दे, लवकर फुलेल. फोनवर सांगितलं तर बाबा ओरडलेच.

"मोठ्या कुंडीत घालू नका! होयाला अडचणीतच बरं वाटतं. जागा जास्त झाली की नुसती मुळं पसरत बसते. फुलत नाही."

"अस्सं."

मग जरा थांबून म्हणाले, "इथे मला मोठी खोली दिलीय. स्वतंत्र. खिडकीला काच आहे, ती उघडत नाही. पण मोठी आहे."

"अरे वा! छानच की," म्हटलं.

फोन कट. लाइन गेली असावी.

मोठ्या कुंडीत आता बायको छत्र्या ठेवते.

१९ मार्च

वेलीला हातभर लांब शेपूट आलंय. पान नाही काही नाही, नुसतं हवेत चाचपडतंय. हात शिवशिवला. कात्री शोधली, सापडली नाही. बायकोला विचारलं. ती ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे माणूस चूक करायच्या आधीच तिला कळतं. म्हणाली, "कात्री गाडीच्या डिकीत आहे. कटरपण. नेलकटरपण."

माझी नखं वाढलीत.

६ एप्रिल

पाणी: दिलं. ऊन: भरपूर. नवीन पान: कोण विचारतंय!

दांडी आली! नवीन! शेपटाच्या बुडाशी, काडीपेटीतल्या काडीएवढी, आणि तिच्या टोकाला मोहरीएवढे दाणे. भिंग लावून मोजले. बावीस. कळ्या आहेत! मी बाल्कनीत एकटाच नाचलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून विचारलं, "चटका बसला का?"

बाबांना आज सांगणार नाही. दिसण्याएवढ्या होऊ देत.

मला काही बाबांनी यायलाच हवं असं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मी कापलं, मीच फुलवून दाखवणार.

११ एप्रिल

आज दाखवलं. व्हिडिओ कॉलवर. बाल्कनीत उजेड कमी पडत होता, म्हणून वेल हुकावरून काढली, आत आणली, टेबलावर दिव्याखाली ठेवली, गोल फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवली.

बाबा स्क्रीनमध्ये इतके जवळ आले की नुसती भुवई दिसत होती. "कळ्या आहेत," म्हणाले. मग एकदम, "हलवली तर नाहीत ना? कळ्या धरल्या की होया जागची हलवायची नाही. तोंडसुद्धा फिरवायचं नाही. रुसते. सगळ्या कळ्या टाकून देते."

टेबलाखाली बायकोने उजवा पाय जमिनीवर दाबला. समोरचा काही मूर्खपणा बोलणार असं वाटलं की ती ब्रेक दाबते, सवय आहे. पण इथे ब्रेक नव्हता.

"छे छे! जागेवरच आहे," मी म्हटलं.

"मग मागे फ्रिज कसा दिसतोय?"

"फ्रिज... बाल्कनीत ठेवलाय."

"फ्रिज? बाल्कनीत?"

"हवेशीर असतं."

बाबांची भुवई स्क्रीनपासून मागे गेली. तीस वर्षं बँकेत खोट्या सह्या पकडायचं काम केलंय त्यांनी, पण रिटायर होऊन बराच काळ झाला. आता नजरही अधू झालीय. शेवटी म्हणाले, "सात मेचं तिकीट काढतो. तोवर फुललेली असेल."

फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरात जाऊन गाणं गुणगुणली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

१४ एप्रिल

चार कळ्या खाली.

१५ एप्रिल

अजून सहा. मी वेलीची माफी मागितली. मोठ्याने. काकूंनी वर बघितलं.

१७ एप्रिल

शून्य. दांडी आहे, टोक टकलं.

१९ एप्रिल

मेहुण्याचा फोन. आमचा मेहुणा चांगला माणूस आहे, फक्त कॅलेंडरसारखा बोलतो. "हे बघ, बाबा सातला तुमच्याकडे येतायत फूल बघायला. फूल नसेल तर आधीच सांग, तिकीट रद्द करतो. मग त्यांचा पत्ता कायमचा इकडचा करून टाकू. डॉक्टर, पेन्शन, सगळंच इकडे घेऊ. त्यांना विचारलं तर म्हणतात, 'जावयाकडे फुललं का बघू.' अरे, फुलाचा आणि पत्त्याचा काय संबंध?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग? आहे ना फूल?"

फोन स्पीकरवर होता. बायको पेला विसळत होती. विसळला, पुसला, परत विसळला.

"आहे," मी म्हटलं. "हे काय, उमलतच आलंय."

आता अठरा दिवस आहेत आणि माझ्याकडे एक टकली दांडी आहे.

२२ एप्रिल

आज लॅबमध्ये एका आजोबांची कवळी करत होतो. हिरड्यांसाठी आम्ही गुलाबी मेणाचे पत्रे वापरतो. पत्रा दिव्यावर धरला, तो मऊ होऊन वाकला, आणि कडेचा एक तुकडा असा काही मुरडला, की मी कवळी बाजूला ठेवली.

गुलाबी. जाडसर. मेणाचा. हुबेहूब पाकळी.

मी बारा वर्षं माणसांच्या तोंडात खोटे दात बसवतोय आणि त्यांच्या बायकांना कळत नाही. एक फूल नाही जमणार?

२४ एप्रिल

पकडलो गेलो. लॅबच्या मालकीणबाई मागे येऊन उभ्या होत्या, मला पत्ताच नाही.

"हे कुठल्या पेशंटचं?"

"स्पेशल केस आहे, बाई."

"पाच टोकांची दाढ?"

सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, कामावरून काढतील. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, फूल चिमट्यात धरून फिरवलं आणि म्हणाल्या, "मधला तारा मेलेला दिसतोय. पोर्सेलीनचा कर, चकचकीत. आणि पाकळीला मखमल नाही. प्लास्टरची पूड भुरभुरव. सासरे आहेत ना? मग काम चोख पाहिजे. नवरा असता तर चाललं असतं."

२ मे

बावीस फुलं तयार. शर्टाच्या बटणाएवढं एकेक. पाच पाकळ्या, मध्ये तारा, ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका. एकाला सहा पाकळ्या झाल्यात, कारण मोजताना फोन आला होता. त्याला भिंतीच्या बाजूला लावायचं.

५ मे

घोस बसवला. प्रत्येक देठात केसाएवढी तार, सगळ्या तारा खऱ्या दांडीच्या टोकाला. लांबून बघितलं. जवळून बघितलं. बायकोला बोलावलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

ती बघत राहिली. "अरे," म्हणाली, "फुललं?"

फसली! मग मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती बाल्कनीतल्या स्टुलावर बसली, हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मेणाचा वास झोंबला असणार.

६ मे

वास! होयाला संध्याकाळी वास येतो, हे विसरलोच होतो. बायकोच्या अत्तराचे दोन थेंब टाकले. आणि खऱ्या फुलातून गोड थेंब गळतात, म्हणून साखरेचा पाक सुईने लावला. अर्ध्या तासात मुंग्या आल्या. मुंग्या! मुंग्यांना कळलं नाही, बाबांना काय कळणार?

७ मे

बाबा आले. वाळलेत. बॅग दारात टाकून चपलांसकट बाल्कनीत. मी मागे.

उभे राहिले. खिशातून बँकेतलं जुनं भिंग काढलं. एकेक फूल बघितलं, पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत. भिंग पुसलं, परत खिशात ठेवलं. म्हणजे कळलं नाही! जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी विचारलं, "किती दिवस लागले?"

"फुलायला? तीन आठवडे."

"मेहनत दिसते," म्हणाले.

झाडाची म्हणाले असणार.

संध्याकाळी नाक जवळ नेलं आणि दोनदा शिंकले. "यंदा वास ओळखीचा वाटतो," म्हणाले, मुलीकडे बघून. ती घाईघाईने चहा टाकायला गेली. आधीच एकदा टाकला होता.

जेवताना मला वाढत म्हणाले, "घ्या अजून. उतरलात." चार वर्षांत पहिल्यांदा.

१० मे

काकू फूल बघायला वर आल्या. हात लावायला गेल्या तर बाबा मध्ये आडवे. "लांबून बघा हं. नाजूक काम आहे."

मग स्वतःच कुंडी चक्क फिरवली आणि भिंतीकडची बाजू पुढे घेतली. "हे बघा, हे सहा पाकळ्यांचं. झाडाला असं सहसा जमत नाही."

"भाग्यवान आहात," काकू म्हणाल्या.

"आहेच," बाबा म्हणाले.

कुंडी फिरवलेली बघून मी हबकलो, मला केवढं बजावलं होतं! पण वय झालं, विसरले असतील.

१४ मे

आज ऊन कडक. दुपारी लॅबमध्ये सारखं डोळ्यांसमोर येत होतं, मेण वितळतंय, थेंब थेंब. धावत घरी आलो. तर बाबांनी बाल्कनीला ओला पंचा बांधून सावली केलेली.

"फुलाला ऊन सोसत नाही," म्हणाले.

दर वर्षी तर सोसायचं. पण मी कशाला वाद घालू? तरी दोन फुलांनी मान टाकलीच होती. सकाळी करतो काहीतरी, असं ठरवलं.

१५ मे

सकाळी बघतो तर दोन्ही फुलं ताठ! गारव्याने घट्ट झाली असणार. मेणाचं असं होतं कधीकधी. माझी मेण कोरायची सुरी मात्र सापडेना. बाबांच्या टेबलावर मिळाली, मेणबत्तीशेजारी. पाकिटं फोडायला घेतली असेल. त्यांना पत्रं कोण पाठवतं, कोण जाणे.

२१ मे

आरामखुर्ची परत गेली. रिमोट पण. संध्याकाळी बाबा मॅचवर बडबडतात, मी माझ्या कोपऱ्यात बसतो. पाठीला काही टोचत नाही. स्टूल जास्त चांगलं निघालं.

२४ मे

संकट. आज वाचलं, की होयाचा घोस जेमतेम दोन आठवडे टिकतो. आमचा सतरा दिवसांचा झाला. आणि ताजा टवटवीत! बाबांना आज ना उद्या संशय येणारच. आणि फसवलं हे कळलं की या वेळी बॅग भरून जातील ते कायमचे. मेहुणा पत्ता बदलायचा अर्ज घेऊन बसलेलाच आहे.

उपाय एकच. फूल कोमेजवायला हवं. हळूहळू, एकेक करत. म्हणजे खरं वाटेल.

२७ मे

लॅबमध्ये तपकिरी मेणाची बारा सुकी फुलं केली. जीव ओतला. बाईंना दाखवली, त्या म्हणाल्या, "काम छान आहे. तू मात्र ठोंब्या आहेस." का ते नाही सांगितलं.

कवळीच्या डबीत घालून घरी आणली. बायकोने डबी उघडली.

"हे काय?"

"कोमेजलेली. उद्यापासून रोज दोन बदलायची. नाहीतर बाबांना कळेल ना!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं चढावर हँडब्रेक न लावता उतरणाऱ्या माणसाकडे बघते. "अरे, बाबा सकाळी फोनवर काय म्हणाले ते ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं, इथे लिहायचं राहिलं होतं. सकाळी मेहुण्याचा फोन होता, स्पीकरवर. "बाबा, कधी येताय? अर्ज पडून आहे."

"फूल आहे रे अजून."

"अजून? किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? फूल असेतो कसा हलू? गळलं की लगेच येतो. शब्द देतो."

"तेच तर!" मी बायकोला म्हटलं. "किती विश्वास आहे त्यांचा. म्हणून तर मला भीती..."

तिने डबीचं झाकण लावलं, माझ्या हातात दिली आणि शिकाऊ माणसाला सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "त्यातलं एक फूल जरी तिथे लागलं ना, तर तुझ्या मेहुण्याकडे तू जाशील."

मी डबी कचऱ्यात टाकली. अजून नीटसं कळलं नव्हतं. पण तिचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता.

२८ मे

पाणी: बाबांनी दिलं. ऊन: पंचाआडून. नवीन पान: एक.

सकाळी कामाला निघालो. बाबा बाल्कनीत होते, बारीक ब्रशने घोसावरची धूळ झटकत. पाठमोरेच म्हणाले, "जावईबापू, आज लॅबमधून येताना थोडं गुलाबी मेण आणा. दोन पत्रे पुरतील."

मी दारातच थिजलो. एक बूट पायात, एक हातात.

"कशाला, बाबा?"

"एवढ्या मोठ्या वेलीला एकच घोस बरा दिसत नाही," ब्रश फुंकून ते म्हणाले. "लोकांना संशय येतो."